नोकरीला लागलेले तीन केस

ही गोष्ट आजवर ज्याला ज्याला सांगितली, त्याने आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मग दाराकडे. तुमचाही विश्वास बसणार नाही, पैजेवर सांगतो. कोपऱ्यात विणकाम घेऊन बसलेल्या त्या वहिनी तर आत्ताच गालातल्या गालात हसायला लागल्यात. हसा वहिनी, हसा. टाके मोजता मोजता कान इकडे असू द्या म्हणजे झालं. यातला शब्दन् शब्द खरा आहे, आणि जो खरा नाही तो खऱ्यापेक्षा बरा आहे.

तर, एका जुन्या संग्रहालयात एक गृहस्थ होते. त्यांचं काम होतं हवा सांभाळणं. म्हणजे कोणी गाई सांभाळतं, कोणी लहान पोरं सांभाळतं, तशी हे संग्रहालयाच्या दालनांतली हवा सांभाळायचे. जुना कागद, जुनं चामडं, जुनं लाकूड यांचं आजारी माणसासारखं असतं. हवा जरा दमट झाली की यांना बुरशी धरते, जरा कोरडी झाली की हे तडकतात, आणि आज दमट उद्या कोरडी झाली तर विचारायलाच नको. आपल्या गृहस्थांच्या तोंडी दिवसभर एकच शब्द असायचा, ‘दमट’. लग्नाला गेले तरी मांडव दमट, बारशाला गेले तरी बाळ दमट. बाळाच्या बाबतीत ते बहुतेक वेळा बरोबर निघायचे. म्हणून सगळे त्यांना दमटकाका म्हणत.

दमटकाकांचं नाक असं, की दारातून आत शिरताशिरता ते सांगायचे, “बावन्न.” यंत्र पाहावं तर बावन्न टक्के दमटपणा. एकदा सर्दी झाली होती तेव्हा “एक्कावन्न” म्हणाले, आणि त्याबद्दल आठवडाभर शरमेने मान खाली घालून फिरले.

शिस्त म्हणजे कडक. ओले कोट दालनाबाहेर. फुलांच्या कुंड्या बाहेर. फरशी पुसायचं फडकं असं पिळायचं, की पिळणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं पण फडक्यातून येऊ नये. शाळेची सहल आली की काका दारात उभे राहून दहा-दहा मुलं आत सोडायचे आणि वर सांगायचे, “बाळांनो, श्वास घ्या, पण हात राखून घ्या.” माणसाच्या श्वासातून वाफ निघते ना! चाळीस मुलं एकदम आत हसली, तर बादलीभर पाणी हवेत ओतल्यासारखं होतं, असं ते म्हणत. स्वतः काका दालनात कधीच हसत नसत. हसू आलं की जिन्यात जाऊन हसून यायचे.

या काकांचा जीव की प्राण म्हणजे उत्तर दालनातलं केसाचं यंत्र. काचेच्या पेटीत एक पितळी नळकांडं, त्यावर गुंडाळलेला आखीव कागद. नळकांडं आठवड्यात एक फेरी पुरी करायचं आणि एक नाजूक पेन त्यावर जांभळ्या शाईची रेघ ओढत राहायचं. ते पेन हलवायला वीज नाही, स्प्रिंग नाही, काही नाही. फक्त माणसाचे तीन केस, ताणून बांधलेले. हवा दमट झाली की केस लांबतो, पेन वर जातं. हवा कोरडी झाली की केस आखडतो, पेन खाली येतं. आता वहिनी, तुम्ही भुवई उडवलीत, पण हे मात्र खरंच असतं. कोणत्याही जुन्या संग्रहालयात जाऊन विचारा. थापा पुढे आहेत.

एके दिवशी संग्रहालयाच्या साहेबांनी काकांना बोलावलं. साहेब हा देवमाणूस. त्यांना राग म्हणून कधी येत नसे. डोक्यावर केस मात्र औषधालाही नव्हता. टेबलावरचा दिवा लावला की प्रकाश साहेबांच्या डोक्यावरून थेट छतावर जायचा, आणि छताला एक जळमट राहिलं तर शपथ.

“काका,” साहेब म्हणाले, “परदेशातलं एक मोठं संग्रहालय आपल्याला सहा महिन्यांसाठी चामड्यावरचा नकाशा द्यायला तयार आहे. पाचशे वर्षांचा. पण त्यांची अट आहे. उत्तर दालनाचा चार आठवड्यांचा अखंड आलेख हवा. कागदावर, शाईने काढलेला. रेघ पंचेचाळीस ते पंचावन्नच्या आतच पाहिजे. अठ्ठाविसाव्या दिवशी त्यांच्या तपासनीस बाई येऊन स्वतः बघणार.”

“होईल,” काका म्हणाले.

“व्हायलाच हवं. नाहीतर वरच्यांनी ठरवलंय, उत्तर दालनाला कुलूप. तिथे मोडक्या खुर्च्या ठेवणार. आणि तुम्हाला...” साहेब पाणी प्यायले. “तुम्हाला छत्र्यांच्या खिडकीवर.”

छत्र्यांची खिडकी! सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, लोकांच्या निथळत्या छत्र्या घ्यायच्या, नंबर द्यायचा, निथळत्या छत्र्या परत द्यायच्या. तिथला दमटपणा ब्याण्णव. ज्याने जन्मभर दमटपणाशी उभा दावा मांडला, त्याने निवृत्तीपर्यंतची सात वर्षं त्याच्याच मांडीवर बसून काढायची.

चार आठवडे सुरू व्हायला अजून आठ दिवस होते. काकांनी ठरवलं, यंत्र एकदा नीट साफ करू. मऊ कुंचला घेतला, ऊर्ध्वपातित पाण्यात बुडवला आणि श्वास रोखून केसांवरून हळूच फिरवला. एकदा फिरवला असता तर काही झालं नसतं. पण अतिप्रेम वाईट. काकांनी सात वेळा फिरवला. सातव्या वेळी रोखलेला श्वास सुटला, आणि तोही शिंक होऊन. जन्मभर ज्यांनी दुसऱ्यांना दालनात शिंकू दिलं नाही, त्यांची अशी शिंक निघाली की चौकटीतल्या तसबिरी वाकड्या झाल्या. तिन्ही केस ताडकन तुटले. पेन मान टाकून तळाला गेलं.

यंत्र बनवणारी कंपनी कधीच बुडाली होती. आता केस आणायचे कुठून? कुठलाही केस चालत नाही हो. तो हातभर लांब पाहिजे. बारीक पाहिजे. त्याला कधी तेल लागलेलं नको, रंग लागलेला नको, तापलेल्या चिमट्याने सरळ केलेला नको. काका सगळं संग्रहालय हिंडले. कागद सांधणाऱ्या बाई होत्या, डिंकाने कायम बोटं चिकटलेली असायची म्हणून सगळे त्यांना डिंकताई म्हणत. त्यांचे केस होते कमरेपर्यंत, पण चार रंगांचे. तिकीट खिडकीवरच्या मुलीचे सुंदर सरळ, पण चिमट्याने केलेले. हिशेबनीस बाईंच्या डोक्यात इतकं तेल, की यंत्राला केसाऐवजी वातच बसवल्यासारखं झालं असतं. साहेबांकडे बघून काकांनी नुसता उसासा टाकला.

संध्याकाळी काका घरी जेवायला बसले आणि त्यांच्या हातातला घास हातातच राहिला. समोर सासूबाई बसल्या होत्या. वय एक्क्याऐंशी. केस रुपेरी, रेशमासारखे, गुडघ्यापर्यंत. तेलाने सर्दी होते म्हणून तेल नाही, रंग म्हणजे थेर म्हणून रंग नाही, आणि तापलेला चिमटा घेऊन त्यांच्या जवळ जायची कुणाची छाती नाही. देवाने जणू यंत्रासाठीच वाढवून ठेवलेले केस!

आता अडचण सांगतो. या सासू-जावयांचा अकरा वर्षं अबोला होता. एका छताखाली, एका टेबलावर, आणि अबोला! काय झालं होतं, तर अकरा वर्षांपूर्वी घरी बावीस पाहुणे जमले होते. सासूबाईंच्या खोलीत पांघरुणांची मोठी लाकडी पेटी होती. काका तिच्याजवळून गेले, नाक वर केलं आणि भरसभेत जाहीर केलं, “या पेटीत बुरशी आहे. चौऱ्याहत्तर!” बावीस माणसांनी माना वळवून पेटीकडे पाहिलं. सासूबाईंनी काकांकडे पाहिलं. त्यानंतर जे काही बोलायचं ते मधे बसलेल्या मुलीमार्फत, म्हणजे काकांच्या बायकोमार्फत.

“अगं,” काका बायकोला म्हणाले, “आईंना विचार, तीन केस मिळतील का.”

“अहो, ती समोरच बसलीय.”

“विचार तू.”

“आई, हे विचारतायत, तीन केस मिळतील का.”

“त्यांना सांग,” सासूबाई वरणाचा चमचा खाली न ठेवता म्हणाल्या, “माझ्या नाकावरचा राग चालत असेल तर तो लागेल तेवढा आहे. केस मोजके आहेत.”

मग काकांनी बायकोमार्फत सगळी कहाणी सांगितली. नकाशा, शिंक, छत्र्यांची खिडकी. बायको बिचारी दोन्हीकडे मान फिरवून फिरवून दमली. छत्र्यांची खिडकी ऐकल्यावर सासूबाईंचा चमचा जरा थांबला.

“म्हणजे माझे केस नोकरी करणार?”

“हो म्हणतायत.”

“संग्रहालयात? कायम?”

“हो.”

“आमच्या घराण्यात आजवर कुणी कायम नोकरीत टिकलं नाही,” सासूबाई म्हणाल्या, आणि तीन केस उपटून ताटाशेजारी ठेवले. “त्यांना सांग, रोज संध्याकाळी येऊन सांगायचं, माझ्या केसांनी आज काय काम केलं. लबाडी चालणार नाही.”

काकांनी केस बसवले. पेटीला ओलं फडकं गुंडाळलं, पेन वर चढू दिलं, स्क्रू फिरवून बरोबर आकड्यावर आणलं. मग फडकं काढलं. पेन खाली येऊन पन्नासावर असं बसलं, जसं मांजर उन्हात बसतं. काकांनी जिन्यात जाऊन पोटभर हसून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला पेन पन्नासावरून घसरलं ते अडतिसावर!

काका धावले. खात्री करायला त्यांच्याकडे फिरकी होती. फिरकी म्हणजे एका दांडीला लावलेले दोन थर्मामीटर, एक कोरडा आणि एकाच्या बुडाला ओली वात. ती खुळखुळ्यासारखी गरागरा फिरवायची. दोन्ही पाऱ्यांतला फरक तक्त्यात पाहिला की हवेचा खरा दमटपणा कळतो. काका फिरकी फिरवायला लागले की सगळे डोकी खाली घालत, कारण एकदा ती हातून सुटून एका पुतळ्याचं नाक घेऊन गेली होती. फिरकी म्हणाली, पन्नास. पुन्हा फिरवली. पन्नास. हवा जागच्या जागी होती, नुसतं पेनच घसरलं होतं. अर्ध्या तासाने आपोआप वर आलं.

तिसऱ्या दिवशी चारला पुन्हा तेच. चौथ्या दिवशी पुन्हा. आणि बुधवारी सकाळी अकराला उलटंच, पेन चढलं बासष्टावर! फिरकी पन्नास. काकांची झोप उडाली. पाचव्या दिवशी पेन घसरायला लागताच त्यांनी घरी फोन लावला.

“काय चाललंय गं?”

“काही नाही हो,” बायको म्हणाली. मागून आवाज येत होता. “रोजचंच. आईचा चारचा चहा गार झाला, म्हणून आईने घर डोक्यावर घेतलंय.”

काकांच्या हातातून फिरकी गळाली.

“आणि बुधवारी? सकाळी अकराला?”

“बुधवारी रेडिओवर तिची मालिका असते. नायिकेचा नवरा बोटीवरून परत आलाच नाही. आई रडून रडून... का हो?”

मंडळी, केस डोक्यावरून निघाला म्हणून मालकिणीशी नातं तुटतं थोडंच? सासूबाई चिडल्या की केस आखडायचे. सासूबाई हळव्या झाल्या की केस ओलावायचे. त्या मजेत असल्या, की पन्नास. दुसरे केस मिळायची सोय नव्हती आणि हातात तीन दिवस होते. म्हणजे आता चार आठवडे दालनाची हवा तर सांभाळायचीच, वर सासूबाईंची हवाही सांभाळायची. आणि दालन सोपं होतं हो!

काकांनी साहेबांना खरं सांगितलं. साहेबांनी काकांच्या कपाळाला हात लावून पाहिला. मग काकांनी घरी फोन करून बायकोला सांगितलं, “आईंना जरा म्हण, तुमचा चष्मा मी हरवला.” पेन साहेबांच्या डोळ्यांदेखत तेहेतिसावर आलं. “आता म्हण, सापडला.” पन्नास. साहेब खुर्चीत बसले आणि म्हणाले, “त्यांना काय काय आवडतं?”

त्या दिवसापासून सगळं संग्रहालय कामाला लागलं. चारचा चहा पावणेचारला, वाफाळता. मालिकेच्या वेळी रेडिओत बिघाड. सासूबाईंना सगळ्यात प्रिय होती सापशिडी. तिकीट खिडकीवरची मुलगी, डिंकताई, खुद्द साहेब, पाळीपाळीने काकांच्या घरी सापशिडी हरायला जाऊ लागले. आता बुद्धिबळात हरणं सोपं. सापशिडीत हरायचं तर लबाडी करावी लागते! पडले चार, तर पाच मोजायचे आणि हसतमुखाने सापाच्या तोंडात जायचं. साहेब त्यात इतके तरबेज झाले, की एका डावात अकरा साप गाठायचे.

रोज संध्याकाळी काका घरी येऊन बायकोमार्फत कळवायचे, “सांग त्यांना, आज दिवसभर पन्नास. एका केसानेही हयगय केली नाही.”

“त्यांना सांग,” सासूबाई म्हणायच्या, “कुणाचे आहेत शेवटी!”

आणि बरं का, दिवसातून दोनदा काका खरी हवा फिरकीवर मोजायचे आणि आलेखाच्या कडेला शिसपेन्सिलीने लिहायचे. संग्रहालयात शाईची बाटली उघडायला बंदी, म्हणून शिसपेन्सिल. पेन जरा कुठे हललं, तर कारणही लिहायचे. ‘मंगळवार, तीन वाजता, पेन सत्तेचाळीस, फिरकी पन्नास. कारण : चहात साखर कमी.’ ‘शनिवार, पेन त्रेपन्न, फिरकी पन्नास. कारण : जुने फोटो पाहिले.’ लपवाछपवी त्यांच्या रक्तात नव्हती. ती पेटीच्या वेळीही नव्हती, तोच तर घोळ झाला होता.

अठ्ठाविसावा दिवस उजाडला. तपासनीस बाई आल्या. उंच, शांत, हातात दमटपणा मोजणारी एक छोटी इलेक्ट्रिक डबी. हसल्या नाहीत, पाणीसुद्धा दालनाबाहेर प्यायल्या. काकांना बाई तिथेच आवडल्या. साहेब इकडे अडकल्यामुळे त्या दिवशी सापशिडीला डिंकताई गेल्या होत्या.

बाईंनी चारही आठवड्यांचे कागद टेबलावर पसरले. एकदा पाहिले. दुसऱ्यांदा पाहिले. मग चष्म्यावरून काकांकडे पाहिलं.

“फारच सरळ रेघ आहे,” त्या म्हणाल्या.

“हो,” काका फुलून म्हणाले.

“मला सरळ रेघ आवडत नाही. सरळ रेघ म्हणजे पेन अडकलंय, नाहीतर माणसाने घरी बसून पट्टीने ओढलीय.”

काकांचा चेहरा उतरला. आणि त्याच क्षणी, सगळ्यांसमोर, पेन घसरायला लागलं. पंचेचाळीस. एक्केचाळीस. छत्तीस. साहेबांनी खिडकीबाहेर छत्र्यांच्या खिडकीकडे पाहिलं आणि डोळे मिटले. बाईंच्या हातातली डबी मात्र म्हणत होती, पन्नास.

“एक मिनिट,” काका म्हणाले आणि दाराशी असलेल्या फोनकडे धावले. तिथून पेन दिसत होतं.

“अहो, घात झाला!” बायको म्हणाली. “डिंकताईंना तीन पडले आणि त्यांनी चार मोजले. आईने हात धरला. म्हणाली, शिडी सोडून सापाकडे का जातेस? ताईंना खोटं बोलता येतं का! ढसाढसा रडल्या आणि सगळं सांगून मोकळ्या झाल्या. चार आठवडे सगळे मुद्दाम हरत होते, हे आईला कळलंय.”

“आईंना दे.”

“कोणाला?”

“आईंना फोन दे.”

अकरा वर्षांत असं वाक्य त्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं.

“कोण बोलतंय?” सासूबाईंचा आवाज.

“मी. जावई.”

“कोणता?”

“एकच आहे, आई.”

“तेवढंच नशीब. जावईबापू, मी अठ्ठावीस दिवस जिंकत होते! एक्क्याऐंशीव्या वर्षी मला वाटायला लागलं होतं, आपलं नशीब उघडलं. आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून मला खेळवलंत! ते काही नाही. माझे केस आत्ताच्या आत्ता परत आणा.”

पेन एकतीस.

काकांनी तोंड उघडलं. नकाशा जाईल, दालन जाईल, नोकरी जाईल, हे सगळं त्यांच्या ओठांवर होतं. पण निघालं भलतंच.

“आई, ती पेटी...”

“हं. ती पेटी दमट होती की नव्हती? आज सांगाच.”

साहेब दुरून हातवारे करत होते, नव्हती म्हणा, नव्हती म्हणा! काकांनी मान फिरवली.

“होती. चौऱ्याहत्तर होती.”

पेन अठ्ठावीस. साहेब खांबाला टेकले.

“पण ते तुमच्या कानात सांगायला हवं होतं. बावीस माणसांसमोर नाही. माझं नाक बरोबर होतं, पण तोंड चुकलं. अकरा वर्षं रोज वाटतं, आज बोलावं. तुम्ही समोर असता आणि घास घशात अडकतो.”

पेन अठ्ठाविसावर थांबलं. खाली जाईना, वर येईना.

“दमट होती, ते मला का माहीत नव्हतं?” सासूबाई हळूच म्हणाल्या. “वास येत होता मला. पण त्यात ह्यांचं पांघरूण होतं. उन्हात टाकलं तर बुरशीबरोबर ह्यांचा वासही जाईल, म्हणून उघडत नव्हते मी ती पेटी. हे त्या बावीस लोकांना काय सांगायचं!”

आणि पेन निघालं वर. चाळीस. पन्नास. साठ. अडुसष्ट. थेट चौऱ्याहत्तरावर जाऊन थरथरत उभं राहिलं.

“आई,” काकांनी नाक ओढत विचारलं, “ते पांघरूण अजून आहे?”

“आहे.”

“मी येतो आज. उन्हात नको टाकायला. सावलीत, हळूहळू, महिनाभर लावून कोरडं करू. जुनं कापड असंच करतात. वास नाही जायचा. मी सांभाळेन.”

तिकडे कोणीतरी जोरात नाक शिंकरलं. “या,” सासूबाई म्हणाल्या. “येताना ती सापशिडी नीट खेळणारा एखादा माणूस आणा. आणि डिंकताईचं रडणं थांबवा, माझी पटावरची घरं ओली झाली.”

काका परत वळले तेव्हा पेन पन्नासावर येऊन मांजरासारखं बसलं होतं. तपासनीस बाई मात्र कागदाच्या कडेचं पेन्सिलीतलं बारीक अक्षर बोट ठेवून वाचत होत्या.

“चहात साखर कमी,” त्यांनी मोठ्याने वाचलं. “हे काय आहे?”

साहेब घाईघाईने म्हणाले, “तो एक तांत्रिक शब्द आहे.”

“नाही,” काका म्हणाले, आणि त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. शिंक, केस, चहा, बोटीवरून न आलेला नवरा, अकरा साप. सगळं. बाईंनी मधे एकही प्रश्न विचारला नाही. शेवटी फक्त म्हणाल्या, “आत्ता या क्षणी इथे किती आहे? यंत्राकडे बघू नका.”

काकांनी नाक वर केलं. “एक्कावन्न. मघाशी पन्नास होतं. आपण तिघं जास्त बोललो, आणि मी रडलो.”

बाईंनी डबी उघडून पाहिली. एक्कावन्न.

“तुमचं यंत्र अगदीच बेभरवशाचं आहे,” त्या म्हणाल्या. “पण गेल्या चार आठवड्यांत ते जेवढ्या वेळा चुकलं, तेवढ्या वेळा इथलं कोणीतरी उठलं, मोजलं आणि खरं लिहून ठेवलं. मी यंत्रावर सही करत नाही. या पेन्सिलीवर करते.” आणि त्यांनी सही केली. मग जरा घुटमळून विचारलं, “त्या आजींकडे सापशिडीला आज माणूस हवाय म्हणालात ना?”

त्या संध्याकाळी बाई सासूबाईंशी सरळ मनाने खेळल्या आणि सरळ मनाने सात वेळा हरल्या. सासूबाईंचं नशीब खरोखरच उघडलेलं होतं!

नकाशा आला. सहा महिने उत्तर दालनात राहिला. लोक लांबून लांबून येऊन नकाशा पाहायचे. सासूबाई दर गुरुवारी जावयाचा हात धरून यायच्या आणि नकाशाकडे पाठ करून केसाच्या यंत्रासमोर खुर्ची टाकून बसायच्या. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, “ते तिन्ही माझे. कायम नोकरीत आहेत.” मोडक्या खुर्च्या दुसरीकडे गेल्या. दमटकाका निवृत्तीपर्यंत त्याच दालनात होते आणि छत्र्यांच्या खिडकीवर फक्त छत्री ठेवायला गेले.

सहा महिने सरले, नकाशा परत गेला, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “आता माझ्या केसांना निवृत्ती द्या. फार राबले.” मग छोटासा समारंभ झाला, तिन्ही केस मखमलीच्या डबीत घालून त्यांच्या हाती दिले, डिंकताई पुन्हा रडल्या. प्रश्न आला, आता यंत्रात कोणाचा केस घालायचा? असा माणूस हवा जो कधी चिडत नाही, कधी रडत नाही. सगळ्यांनी एकदम साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी क्षणाचाही विचार केला नाही. डोक्याला हात घातला, तीन लांबसडक केस उपटले आणि काकांच्या तळहातावर ठेवले. तेव्हापासून आजतागायत त्या पेनाने पन्नासाची रेघ म्हणून...

“थांबा, थांबा, आजोबा!” सुया मांडीवर टाकून विणकामवाल्या वहिनी ओरडल्या. “साहेबांच्या डोक्यावर केस औषधालाही नव्हता ना?”